विश्लेषण : वायफाय आहे, पण पान उघडत नाही... नेटवर्कवरची नावे आणि पत्ते सांभाळणारे सर्व्हर कसे चालतात? ते उभारायला कसे शिकावे?

मोबाइलवर वायफायची खूण पूर्ण दिसते, राउटरचे दिवे लागलेले असतात, तरीही एकही पान उघडत नाही. वसई, नालासोपारा, विरारमध्ये वीज जाऊन आली की सोसायटीच्या ग्रुपवर ‘नेट आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. अशा वेळी केबलवाल्याला फोन जातो. पण बिघाड दर वेळी तारेतच असतो असे नाही. अनेकदा तो दोन नोंदवह्यांत असतो. एक वही नावे सांभाळते, दुसरी पत्ते वाटते. या वह्या सांभाळणारे सर्व्हर उभारणे हे नेटवर्क क्षेत्रातले पायाभूत कौशल्य आहे आणि ते घरातल्या जुन्या संगणकावर, एकही रुपया न भरता शिकता येते.

हे दोन सर्व्हर नेमके काय करतात?

नेटवर्कवरचे प्रत्येक यंत्र दुसऱ्या यंत्राला आकड्यांच्या पत्त्याने ओळखते. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१. याला आयपी पत्ता म्हणतात. माणसाला असे आकडे लक्षात राहत नाहीत, त्याला नाव हवे असते. नाव सांगितले की त्याचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेला ‘डोमेन नेम सिस्टीम’ म्हणजे डीएनएस म्हणतात. नेटवर्कमध्ये नव्याने आलेल्या यंत्राला रिकामा पत्ता देणाऱ्या व्यवस्थेचे नाव ‘डायनॅमिक होस्ट कॉन्फिगरेशन प्रोटोकॉल’, म्हणजे डीएचसीपी.

घरच्या राउटरमध्ये ही दोन्ही कामे एकाच डब्यात होत असतात, म्हणून ती दिसत नाहीत. शाळेची संगणक प्रयोगशाळा, रुग्णालय, वालीव-सातिवलीतला कारखाना किंवा शंभर सदनिकांच्या सोसायटीचे सीसीटीव्ही जाळे, अशा ठिकाणी मात्र ती कुणीतरी समजून-उमजून मांडावी लागतात.

एकाच यंत्राला अनेक नावे असू शकतात. वसईकरांना हे समजावून सांगावे लागत नाही. बेसिन म्हटले काय आणि वसई म्हटले काय, गाव तेच. शूर्पारक, सोपारा आणि नालासोपारा यांचेही तसेच. डीएनएसमध्ये अशा टोपणनावासाठी ‘सीनेम’ ही स्वतंत्र नोंद असते. ती मूळ नावाकडे बोट दाखवते, मूळ नाव पत्ता सांगते.

नावापासून पत्त्यापर्यंतचा प्रवास कसा होतो?

सुरुवातीच्या काळात इंटरनेटची पूर्वज असलेल्या अर्पानेटवरील सर्व यंत्रांची नावे एकाच फाइलमध्ये असत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट ती फाइल सांभाळत असे आणि बाकीचे ती उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही पद्धत अपुरी पडली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिचे सूत्र सोपे होते. सगळी नावे एकाकडे ठेवायची नाहीत, ज्याचा भाग त्याने सांभाळायचा.

आपण एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाकतो तेव्हा फोन आधी जवळच्या नेम सर्व्हरला विचारतो. त्याला उत्तर माहीत नसेल तर तो ‘रूट’ सर्व्हरकडे जातो. रूट सर्व्हरला पूर्ण पत्ता ठाऊक नसतो, पण ‘.इन’ची वही कुणाकडे आहे ते ठाऊक असते. ‘.इन’चा सर्व्हर पुढे त्या विशिष्ट संस्थेच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि तेथे शेवटचे उत्तर मिळते. टपाल जसे आधी जिल्ह्यात, मग टपाल कार्यालयात आणि शेवटी आळीत पोहोचते, तसाच हा क्रम. रूट सर्व्हरची नावे ‘ए’ ते ‘एम’ अशी तेरा आहेत, मात्र त्यांच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत आणि मुंबईतही आहेत.

‘.इन’चा इतिहासही मुंबईशी जोडलेला आहे. १९८९ मध्ये हे नाव भारताला मिळाले. त्यानंतर बरीच वर्षे त्याची नोंदवही जुहू येथील ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही सरकारी संस्था सांभाळत होती. पुढे हे काम ‘निक्सी’ या संस्थेकडे गेले आणि २००५ मध्ये नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘.भारत’ हे देवनागरी डोमेनही सुरू झाले. त्यामुळे मराठीत लिहिलेले संकेतस्थळाचे नाव चालू शकते. डीएनएस आतून मात्र ते रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलून घेते.

पत्ता ‘भाड्याने’ मिळतो म्हणजे काय?

डीएचसीपीचा व्यवहार चार वाक्यांत संपतो. नवे यंत्र साऱ्या नेटवर्कला हाक देते, ‘पत्ता देणारे कुणी आहे का?’ सर्व्हर म्हणतो, ‘हा पत्ता रिकामा आहे.’ यंत्र म्हणते, ‘तोच द्या.’ सर्व्हर म्हणतो, ‘दिला, अमुक वेळेपर्यंत तुझा.’ या मुदतीला ‘लीज’ म्हणतात.

अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर राहणाऱ्यांना लीजचा अर्थ वेगळा सांगायला नको. करार संपेपर्यंत जागा तुमची, नूतनीकरण केले नाही तर ती दुसऱ्याला मिळणार. फरक एवढाच की फोन करार संपायची वाट पाहत नाही. मुदतीचा निम्मा काळ सरला की तो त्याच सर्व्हरकडे नूतनीकरण मागतो. उत्तर आले नाही तर मुदतीचा सात अष्टमांश काळ उलटल्यावर तो जो कुणी सर्व्हर ऐकेल त्याला विचारतो. मुदत संपली की पत्ता सोडावा लागतो.

पत्त्याबरोबर आणखी दोन गोष्टी मिळतात. नेटवर्कबाहेर जाण्याचा दरवाजा कोणता आणि नावे कुणाला विचारायची. म्हणजे नेम सर्व्हर कोणता हे सहसा डीएचसीपीच सांगते. दोन्ही सेवा एकत्र शिकाव्यात त्या याचसाठी.

विंडोज संगणकाला पत्ता देणारे कुणी भेटले नाही, तर तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतो. हा आकडा दिसला की डीएचसीपीपर्यंत हाक पोहोचलेली नाही, हे ओळखावे. पत्ता बरोबर आहे, आकडी पत्त्यावर संपर्क होतो, पण नावाने होत नाही, तर बिघाड डीएनएसमध्ये शोधावा. तक्रारीची एवढी विभागणी जमली तरी निम्मे काम होते.

ही वही चुकली तर काय होते?

४ ऑक्टोबर २०२१ रोजी भारतीय वेळेनुसार रात्री नऊनंतर फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या कामात कंपनीचे अंतर्गत जाळे तुटले. त्यामुळे तिच्या नेम सर्व्हरकडे जाणारे मार्गच इंटरनेटवरून नाहीसे झाले आणि जगाला त्या नावांचा पत्ता मिळेना. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत मोठा खंड पडला, तोही असाच. दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या आणि एका महत्त्वाच्या सेवेची डीएनएस नोंद चक्क रिकामी झाली. त्या सेवेवर विसंबलेली असंख्य ॲप अडकली.

ही झाली चूक. मुद्दाम केलेल्या घातपाताचे मोठे उदाहरण म्हणजे ‘डीएनएस चेंजर’. या व्हायरसने संगणकातील नेम सर्व्हरचा पत्ता बदलून भामट्यांच्या सर्व्हरचा पत्ता घातला होता. शंभरहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक त्यात सापडले. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी पकडली. मात्र ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर लाखो लोकांचे इंटरनेट थांबले असते. म्हणून त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवून ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले.

नेम सर्व्हर ज्याच्या हाती, तो तुम्हाला कोणत्या दारात नेऊन सोडायचे ते ठरवतो, हा त्यातला धडा. घरच्या राउटरचा पासवर्ड कंपनीने दिलेलाच ठेवला असेल, तर हा धोका आजही तसाच आहे.

वसईच्या बँकांशी याचा काय संबंध?

बँकेच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन ग्राहकांना फसवण्याचे प्रकार वाढल्यावर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये बँकांसाठी ‘.बँक.इन’ हे राखीव डोमेन जाहीर केले. सर्व बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यावर स्थलांतर करावे, असा आदेश एप्रिलमध्ये निघाला. नागरी सहकारी बँकाही त्यात होत्या. म्हणजे १९१८ मध्ये स्थापन झालेली बॅसिन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक किंवा वसई विकास सहकारी बँक यांच्यासारख्या स्थानिक बँकांनाही हा आदेश लागू झाला. नोंदणीचे काम हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या संस्थेकडे देण्यात आले. या डोमेनमध्ये नाव घेण्याची मुभा केवळ बँकांना आहे.

ग्राहकाला यात फक्त संकेतस्थळाच्या नावाचे शेपूट बदललेले दिसते. आत मात्र पूर्ण नोंदवही नव्याने लिहावी लागते. संकेतस्थळाचा पत्ता, ईमेल कुठे पोहोचवायचे याची ‘एमएक्स’ नोंद, बँकेच्या नावाने ईमेल पाठवण्याचा अधिकार कुणाला याची नोंद, शिवाय जुन्या नावावर येणाऱ्या ग्राहकाला नव्याकडे वळवण्याची सोय. जुने नाव सोडून देणेही धोक्याचे, कारण त्याची मुदत संपली तर ते दुसरा कुणी घेऊ शकतो. आपल्या ठेवी जिथे आहेत त्या बँकेची सुरक्षितता अशा दहा-बारा ओळींवरही अवलंबून असते. त्या ओळी नीट लिहिणारी माणसे लागतात.

शिकण्यासाठी काय लागते?

आठ जीबी रॅमचा कोणताही संगणक पुरेसा आहे. त्यावर ‘व्हर्च्युअलबॉक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर टाकले की एका संगणकात दोन-तीन आभासी संगणक चालवता येतात. लिनक्सची डेबियन किंवा उबुंटू ही आवृत्ती मोफत मिळते. संगणक जुना आणि कमी ताकदीचा असेल, तर सिस्कोचे ‘पॅकेट ट्रेसर’ हे शिकाऊंसाठीचे सॉफ्टवेअर घ्यावे. त्यात खरे सर्व्हर नसले तरी दोन्ही सेवांचा खेळ पडद्यावर दिसतो.

लिनक्सची ओळख नसेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सवरील धडे मराठीतही आहेत. बीएस्सी आयटी किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नेटवर्किंगचा विषय असतोच. पुस्तकातली आकृती हाताने उभी करून पाहणे तेवढे राहून जाते.

पहिला सराव कसा करावा?

सुरुवात ‘डीएनएसमास्क’ या छोट्या प्रोग्रॅमने करावी. नावे आणि पत्ते ही दोन्ही कामे तो एकाच फाइलवर करतो. पायऱ्या अशा :

एक, दोन आभासी संगणक तयार करावेत. एक सर्व्हर, दुसरा ग्राहक. सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे द्यावीत. एक बाहेरच्या इंटरनेटसाठी, दुसरे ‘इंटर्नल नेटवर्क’ या प्रकारचे. ग्राहकाला फक्त आतले कार्ड द्यावे. यामुळे सरावातला सर्व्हर घरच्या वायफायवर पत्ते वाटत सुटणार नाही.

दोन, सर्व्हरच्या आतल्या कार्डाला कायमचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.१०. पत्ते वाटणाऱ्याचा स्वतःचा पत्ता बदलता असून चालत नाही.

तीन, डीएनएसमास्क बसवून त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. फक्त आतल्या कार्डावर काम कर, आणि १९२.१६८.५०.१०० ते १५० हे पत्ते बारा तासांच्या मुदतीने वाट. उबुंटूवर नेम सर्व्हरची ५३ क्रमांकाची जागा दुसऱ्या एका सेवेने आधीच अडवलेली असते. म्हणून ‘फक्त याच कार्डावर’ ही सूचना विसरू नये.

चार, सर्व्हरच्या ‘होस्ट्स’ फाइलमध्ये एखादे नाव लिहावे. समजा, ‘ग्रंथालय.शाळा.इंटर्नल’, पत्ता १९२.१६८.५०.२०. प्रत्यक्षात ही नावे रोमन अक्षरांत लिहायची असतात. खासगी नेटवर्कसाठी ‘.इंटर्नल’ हे शेपूट ‘आयकॅन’ या जागतिक संस्थेने २०२४ मध्ये राखून ठेवले आहे. मनाने रचलेले शेपूट वापरण्यापेक्षा हे बरे.

पाच, ग्राहक संगणक सुरू करावा. त्याला शंभर ते दीडशेमधला पत्ता मिळाला की डीएचसीपी चालले. मग ‘एनएसलुकअप’ किंवा ‘डिग’ या आज्ञेने ग्रंथालयाचे नाव विचारावे. उत्तरात २० क्रमांकाचा पत्ता आला की डीएनएसही चालले.

सहावी पायरी बहुतेक जण गाळतात, पण शिकणे तिथेच होते. सर्व्हर मुद्दाम बंद करावा आणि काय काय मोडते ते पाहावे. नाव आधी चालेनासे होते की पत्ता? ग्राहक पुन्हा सुरू केल्यावर कोणता पत्ता दिसतो? हाताने मोडलेले नेटवर्क एकदा पाहिले की खऱ्या तक्रारीत गोंधळ होत नाही.

पुढची पायरी कोणती?

मोठ्या संस्थांमध्ये ‘बाइंड’ हा नेम सर्व्हर सर्रास भेटतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या चार विद्यार्थ्यांनी तो प्रथम लिहिला. आज ‘इंटरनेट सिस्टीम्स कन्सोर्टियम’ ही ना-नफा संस्था तो सांभाळते. याच संस्थेचा जुना डीएचसीपी सर्व्हर २०२२ च्या अखेरीस निवृत्त झाला. त्याच्या जागी ‘किया’ आला. जुनी पुस्तके आणि व्हिडीओ अजून निवृत्त सर्व्हरच शिकवतात, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यांनी आवृत्ती पाहून घ्यावी.

बाइंडमध्ये प्रत्येक डोमेनची ‘झोन फाइल’ लिहावी लागते. या वहीची जबाबदारी कुणाची, नेम सर्व्हर कोणते, कोणत्या नावाचा पत्ता काय, हे तिच्यात ओळीने येते. पत्त्यावरून नाव शोधणारी उलटी वही वेगळी असते. मुख्य सर्व्हर बंद पडला तरी काम चालावे म्हणून दुसरा सर्व्हर त्याची नक्कल ठेवतो. हे तिन्ही जमले की पाया पक्का झाला असे समजावे.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका कोणत्या?

पहिली चूक पूर्णविरामाची. झोन फाइलमध्ये पूर्ण नावानंतर टिंब द्यावे लागते. ते राहिले तर बाइंड नावापुढे डोमेन पुन्हा जोडतो आणि ‘ग्रंथालय.शाळा.इंटर्नल.शाळा.इंटर्नल’ असे लांबलचक नाव तयार होते. दुसरी चूक अनुक्रमांकाची. फाइल बदलली की तिचा अनुक्रमांक वाढवावा लागतो, नाहीतर दुय्यम सर्व्हर जुनीच नक्कल धरून बसतो. तारीख आणि त्या दिवसाचा कितवा बदल असा क्रमांक लिहिण्याची पद्धत त्यासाठीच आहे.

तिसरी चूक ‘टीटीएल’ न पाहण्याची. एखादे उत्तर इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचे, तो हा आकडा. तो एक दिवसाचा असेल तर आज केलेला बदल काहींना उद्याच दिसेल. म्हणून मोठ्या बदलाच्या एक-दोन दिवस आधी तो कमी करून ठेवतात.

चौथी चूक सर्वात त्रासदायक. एकाच नेटवर्कवर दोन डीएचसीपी सर्व्हर. कार्यालयात कुणीतरी घरचा जुना राउटर आणून चुकीच्या भोकात तार खुपसतो आणि अर्ध्या संगणकांना भलतेच पत्ते मिळू लागतात. सराव बंदिस्त आभासी नेटवर्कमध्ये करावा तो याच कारणासाठी. दुसऱ्याच्या चालू नेटवर्कवर परवानगीशिवाय प्रयोग करू नयेत.

पाचवी चूक, नेम सर्व्हर साऱ्या जगाला खुला ठेवण्याची. असे सर्व्हर हल्लेखोर शोधत असतात. ते त्यांच्यामार्फत तिसऱ्याच कुणावर उत्तरांचा पूर सोडतात. बाहेरच्या नावांची चौकशी फक्त आपल्याच नेटवर्कच्या यंत्रांसाठी करावी, ही एक ओळ तो धोका टाळते.

शाळा, सोसायटी, कारखान्यात वापरताना काय पाहावे?

पत्त्यांचे वाटप कागदावर मांडून मगच यंत्रावर चढवावे. छपाईयंत्र, कॅमेरे, हजेरीचे यंत्र यांना ठरावीक पत्ते राखून ठेवावेत आणि पाहुण्यांच्या फोनसाठी वेगळा पट्टा ठेवावा. वर्गात चाळीस संगणक आणि पत्ते तीसच, असे झाले की शेवटची मुले बाहेर राहतात. फोन रोज बदलत असतील तर लीजची मुदत छोटी ठेवावी. सर्व्हर आणि राउटरला यूपीएस असावा. फायलींची नक्कल दुसऱ्या यंत्रावर असावी.

नोंदी जपणेही महत्त्वाचे. अमुक वेळी अमुक पत्ता कोणत्या यंत्राकडे होता, हे फक्त डीएचसीपीची नोंद सांगू शकते. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने एप्रिल २०२२ मध्ये सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि कंपन्यांसाठी काढलेल्या निर्देशांत संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले आहे. कंपनीचे नेटवर्क सांभाळणाऱ्याला हे ठाऊक असलेच पाहिजे.

याचा उपयोग कुठे होतो?

वसई-विरारमधून रोज लोकलने अंधेरी, मालाडकडे जाणाऱ्यांत संगणक क्षेत्रात पहिली नोकरी धरलेली बरीच मुले असतात. हेल्पडेस्क आणि नेटवर्क साहाय्यकाच्या मुलाखतीत ‘पत्ता मिळाला नाही तर काय पाहाल?’ हा प्रश्न अगदी साधा समजला जातो. पाठ केलेले उत्तर आणि करून पाहिलेले उत्तर यातला फरक विचारणाऱ्याला लगेच कळतो. क्लाउड आले तरी हे कौशल्य कालबाह्य झालेले नाही. तिथेही नावांच्या नोंदी आणि पत्त्यांचे पट्टे माणसालाच ठरवावे लागतात, फक्त ते ब्राउझरमधून भरले जातात.

आपल्या भागातली शाळा, पतसंस्था, छोटी रुग्णालये आणि सोसायट्या यांची नेटवर्क बहुधा ज्याने तार ओढली त्याच्याच भरवशावर असतात. पासवर्ड त्याच्याकडे, नोंद कुणाकडेच नाही. त्याने फोन उचलला नाही की काम थांबते. अशा ठिकाणी या दोन वह्या वाचता येणारे एक तरी माणूस घरचे असावे. सुरुवात म्हणून आजच आपल्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जाऊन आपला पत्ता, दरवाजा आणि नेम सर्व्हर हे तीन आकडे पाहून घ्यावेत आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. सर्व्हर उभारण्याचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.